घरातले शेवटचे ताट

चाकणच्या बाजारात मेथी, शेपू, कोथिंबीर यांचा भाव किलोवर ठरत नाही, शेकड्यावर ठरतो. शंभर जुड्यांना इतके रुपये, असा सौदा होतो. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीच्या या आवाराला महात्मा फुले यांचे नाव आहे. कांदा-बटाट्यासाठी हा बाजार दूरवर माहीत आहे, पण हंगामात येथे पालेभाजीचेही डोंगर लागतात. टेम्पो भरून माल पिंपरीला, पुण्याला, मुंबईला जातो. आवक फार झाली तर शेतकऱ्याला काढणीची मजुरीसुद्धा सुटत नाही आणि कोवळी मेथी आवारातच पडून राहते.

याच बाजारापासून थोड्याच अंतरावर महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळीच्या कारखान्यांत आपली मुले, भाऊ, जावई, लेकी पाळ्या करतात. जेवणाच्या सुटीत त्यांच्या डब्याचे झाकण उघडले तर आत काय दिसते? चपाती आणि बटाट्याची सुकी भाजी. दुसऱ्या दिवशी चपाती आणि हरभऱ्याची डाळ. तिसऱ्या दिवशी डबाच नाही, गेटबाहेरचा वडापाव. भाजीचा डोंगर शेजारी आणि डबा पिवळा, असा हा प्रकार आहे. तो कसा बदलता येईल, याविषयी आम्हाला आज या सदरात बोलायचे आहे.

आधी थोडे आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच वयाच्या शंभर पुरुषांमध्ये हे प्रमाण २२ होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर बालकांपैकी जवळपास ६९ बालके याच रांगेत होती. ही आकडेवारी साऱ्या महाराष्ट्राची आहे, पण आपल्या वस्तीत ती खरी नाही असे कोण म्हणेल? जिना चढताना धाप लागणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, दिवसभर अंग गळून जाणे, नखे पांढरी पडणे, मुलांचे अभ्यासात लक्ष न लागणे, या तक्रारी आपण घरोघर ऐकतो आणि 'कामाचा शीण आहे' म्हणून सोडून देतो.

आता त्या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहा. बाई ५४ आणि पुरुष २२. घर एकच, चूल एकच, रेशनकार्ड एकच. मग हा फरक कशाचा? मासिक पाळी आणि बाळंतपणे ही कारणे आहेतच, ती शरीराची कारणे आहेत. पण दुसरे एक कारण ताटाचे आहे आणि ते आपल्या हातातले आहे.

आपल्या घरात भाजी कशी वाटली जाते ते आठवा. पहाटे भाजी होते. पहिली पाळीवाल्याच्या डब्यात जाते. मग मुलांच्या डब्यात. मग सासू-सासऱ्यांचे जेवण. घरातली बाई सगळ्यांचे उरकून, भांडी आवरून, चार घरची धुणीभांडी किंवा झाडलोटीचे काम करून दुपारी दोन-अडीचला जेवायला बसते, तेव्हा कढईत खरवड उरलेली असते. ती भाकरीने पुसून घेते, लसणाची चटणी किंवा ठेचा घेते आणि वर कपभर चहा पिते. कुणी विचारले तर म्हणते, 'मला नाही आवडत भाजी एवढी.' आवडत नाही असे नाही. उरत नाही. हे घरातले शेवटचे ताट आहे, आणि घरात भाजी किती शिजते यापेक्षा त्या ताटात किती पडते, हा खरा प्रश्न आहे.

समतेच्या गोष्टी आपण सभेत करतो, चांगले करतो. पण ज्या घरात कमावत्या मुलाला वाटीभर भाजी आणि त्याच्या आईला ठेचा, त्या घरात समता उंबऱ्याबाहेरच थांबली आहे असे आम्हाला वाटते. उपाय फार अवघड नाही. भाजी झाली की डबे भरण्याआधी घरात जेवणारी जितकी माणसे, तितक्या वाट्या मांडाव्यात आणि सगळ्यांचा वाटा एकदमच काढावा. बाईची वाटी झाकून ठेवावी. ती कोणीही, पाहुणा आला तरी, उचलू नये. हा नियम घरातल्या पुरुषाने घालून दिला तर लवकर टिकतो, हेही तितकेच खरे.

आता दुसरा मुद्दा. 'पाला काय खायचा, ते गरिबाचे खाणे,' असे आपल्यातलेच काही लोक म्हणू लागले आहेत. पाहुणे आले की कोंबडी किंवा पनीर. अंबाडीची भाजी पाहुण्याला वाढायची लाज वाटते. ही लाज कुठून आली?

आपले बहुतेक जण मराठवाडा, सोलापूर, सातारा, विदर्भ अशा भागांतून कामासाठी इकडे आले. गावात आपल्या आज्यांजवळ भाजी विकत घेण्याचे पैसे नव्हते. पण बांधावर, पडीक रानात, ओढ्याच्या काठाला काय उगवते आणि त्यातले काय खायचे, हे ज्ञान त्यांच्याजवळ होते. पहिल्या पावसानंतर टाकळा, ज्याला कोणी तरोटा म्हणतात. मग कुरडू, घोळ, तांदुळजा, पाथरी. हिवाळ्यात चाकवत, करडई, हरभऱ्याचा कोवळा पाला. दारातल्या शेवग्याचा पाला आणि फुले. हे कोणत्या डॉक्टरने सांगितलेले नव्हते. उपासमारीच्या दिवसांत या पाल्याने पोरे जगवली. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या अशा खाण्याची नोंद करून ठेवली आहे. आज पोषणाचे शास्त्र शेवग्याच्या पाल्याचे गुण सांगते. त्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, 'अ' जीवनसत्त्व आहे. आज्यांनी ते नाव न घेता खाऊ घातले. मग लाज कशाची धरायची?

आपल्या समाजाने एकदा ताट बदलले आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि उपासमार सोसूनही आपल्या वाडवडिलांनी ते सोडले. कायदा नव्हता, कुणी तपासायला येणार नव्हते. निर्णय घरातल्या चुलीपाशी झाला आणि तो माय-भगिनींनी पाळला. त्या मानाने चपातीशेजारी हिरवी वाटी ठेवणे ही किती लहान गोष्ट आहे!

पण लहान गोष्टीलाही पैसा आणि वेळ लागतो, हे आम्ही विसरत नाही. रेशनच्या दुकानात २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्याने पोट भरते. पण त्या दुकानात भाजी मिळत नाही, फळ मिळत नाही. गहू-तांदूळ फुकट आणि भाजी रोखीने, म्हणून महिनाअखेर पहिली कात्री भाजीला लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जे आहाराचे नियम सांगितले, त्यात मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत असे म्हटले आहे. चार जणांच्या घराला हे दिवसाला दोन किलो झाले. आपल्यातल्या कितीजणांना ते परवडेल? एकदम कोणालाच नाही. म्हणून आम्ही दोन किलोचा आग्रह धरत नाही. आज जेवढी भाजी घरात येते, तिच्यात माणशी एक वाटी वाढवायची, एवढेच पहिले पाऊल.

ही एक वाटी स्वस्तात कशी पडेल?

पहिली गोष्ट, हंगाम धरून चालावे. हिवाळ्यात मेथी, पालक, शेपू, मुळा यांचे भाव उतरतात. तेव्हा जुडी एका वडापावच्या पैशांत येते. त्या तीन-चार महिन्यांत पालेभाजी रोज करावी. उन्हाळ्यात आणि भर पावसात पालेभाजी महागते. तेव्हा दुधी, भोपळा, दोडका, गवार, शेवग्याच्या शेंगा यांवर यावे. भर उन्हाळ्यात तीस-चाळीस रुपयांची मेथी घेण्याचा हट्ट नको.

दुसरी, खरेदी एकटीने न करता चौघींनी मिळून करावी. मोशीच्या उपबाजारात किंवा चाकणच्या बाजारात घाऊक भाव आणि आपल्या गल्लीतल्या हातगाडीचा भाव यांत मोठे अंतर असते. चाळीतल्या चार-पाच जणींनी पैसे गोळा करून एकीने पहाटे जाऊन जुड्या आणल्या आणि वाटून घेतल्या, तर रिक्षाभाडे वजा जाताही बचत होते. बचत गट असेल तर हे अधिक सोपे.

तिसरी, जे फेकतो ते खावे. मुळ्याचा पाला, कोवळ्या बिटाचा पाला, फ्लॉवरची आतली कोवळी पाने, कोथिंबिरीच्या काड्या हे सारे खाण्याजोगे आहे. मुळ्याचा पाला बारीक चिरून त्यात मूगडाळ घातली तर एक वेळची भाजी फुकटात होते. दारात जागा नसली तरी जुना डबा किंवा तेलाचा कॅन कापून त्यात मेथीदाणे आणि राजगिरा पेरता येतो. तीन-चार आठवड्यांत खुडायला येतो.

वेळेचा प्रश्न त्याहून मोठा आहे. पालेभाजी निवडायला अर्धा तास जातो. हा अर्धा तास बाईनेच का द्यावा? दुसऱ्या पाळीचा नवरा सकाळी घरी असतो, मुले संध्याकाळी दूरदर्शन संचासमोर किंवा मोबाइल घेऊन बसलेली असतात. जुडी मध्ये ठेवावी आणि सगळ्यांनी निवडावी. निवडलेली कोरडी भाजी सुती फडक्यात गुंडाळून ठेवली तर दुसऱ्या सकाळपर्यंत छान राहते. फक्त चिरून ठेवू नये. धुवायची ती चिरण्याआधी, चिरायची ती फोडणी देण्याच्या वेळी. चिरून धुतली की सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते.

ज्यांना नुसती पालेभाजी घशाखाली जात नाही, त्यांच्यासाठी आपल्याच स्वयंपाकात कितीतरी वाटा आहेत. डाळीत पालक किंवा चुका घालून घोटावा. अंबाडी ज्वारीच्या कण्या घालून शिजवावी, वर लसणाची फोडणी द्यावी. चाकवताला बेसन लावून पातळ भाजी करावी. कोवळी मेथी बारीक चिरून कांदा, मीठ, तिखट आणि चमचाभर तेल घालून केलेला घोळाणा शिजवावाही लागत नाही. धपाट्यात, थालीपिठात मूठभर शेवग्याचा पाला घातला तर मुलांना कळतही नाही. माठाच्या भाजीत मूठभर सुकट टाकली की घरातले तक्रारखोरही ताट पुढे करतात. मटण-मासे खाणाऱ्या घरात पालेभाजी नको असे नाही. उलट मांस-मासळीबरोबर खाल्लेल्या भाजीतले लोह अंगाला अधिक लागते.

लोहाविषयी आणखी दोन गोष्टी आमच्या भगिनींनी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पालेभाजीतले लोह अंगाला सहज लागत नाही. त्याला आंबटाची, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाची साथ लागते. म्हणून भाजी चुलीवरून उतरवली की ताटात लिंबू पिळावे, किंवा जेवणाबरोबर पेरूची फोड, कच्चा टोमॅटो, आवळा घ्यावा. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहा लोहाला अडवतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले तर तीच भाजी, त्याच पैशांत, जास्त कामाला येते. जुनी लोखंडी कढई माळ्यावर पडली असेल तर खाली काढावी. तिच्यात केलेल्या भाजीत थोडे लोह उतरते. मात्र आंबट भाजी तिच्यात रात्रभर ठेवू नये.

फळांविषयी आपल्याकडे एक समज घट्ट आहे. फळ म्हणजे सफरचंद आणि ते दवाखान्यात माणूस असला की न्यायचे. निरोगी माणसाने फळ खाणे ही चैन! वास्तविक सफरचंदात 'क' जीवनसत्त्व अगदी थोडे असते आणि आपल्या गावठी पेरूत ते संत्र्याच्या चौपट तरी असते. आवळा त्याच्याही पुढे. हिवाळ्यात पेरू, बोरे, आवळे. उन्हाळ्यात कलिंगड, आणि भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरांतली करवंदे. पावसाच्या तोंडाला जांभळे. पावसाळा सरता सरता सीताफळ. आणि बारा महिने केळी, पपई. यातले जे स्वस्त असेल ते घ्यावे. रोज दहा रुपयांचे वेफर्सचे पाकीट मुलाच्या हातात देतो, त्याच पैशांत दोन केळी येतात. आठवड्यातले चार दिवस पाकिटाऐवजी फळ, एवढा बदल केला तरी महिन्याचा खर्च वाढत नाही.

चाकण-भोसरीत एका खोलीत चार-पाच जण मिळून राहणारी आपली तरुण मुले आहेत. ठेकेदाराकडे नोकरी, मेसचा डबा किंवा अंडाभुर्जी-पाव. त्यांच्या आया गावाकडून फोनवर 'जेवलास का?' विचारतात आणि ती 'हो' म्हणतात. या मुलांना आमचे सांगणे असे की, बाकी काही जमले नाही तरी खोलीत काकडी, टोमॅटो, कांदा, लिंबू आणि केळी असू द्या. यांना शिजवावे लागत नाही. खिचडी लावताना त्यात पालकाची अर्धी जुडी धुऊन, चिरून टाकायला पाच मिनिटे पुरतात. आणि मेसवाल्याला आठवड्यातून तीन दिवस तरी पालेभाजी दे, असे चौघांनी मिळून सांगा. चौघांचे तो ऐकतो.

कारखान्यातल्या कॅन्टीनकडेही लक्ष हवे. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीनची आणि तिच्या समितीत कामगारांच्या प्रतिनिधींची तरतूद केली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही संख्या १०० वर आली आहे आणि त्यात ठेकेदाराचे कामगारही मोजले जातात. पगारवाढीच्या मागणीइतकी ही मागणी मोठी वाटत नाही, पण रोज एक पालेभाजी आणि एक कच्ची कोशिंबीर मिळावी, हे मागायला संकोच कसला?

भाजी धुण्याबाबत आळस नको. आपल्या भागात पवना आणि इंद्रायणी या नद्यांची काय दशा झाली आहे ते सारे जाणतात. कोणत्या पाण्यावर कोणती भाजी वाढली, हे बाजारात कळत नाही. म्हणून मुळे आणि खालची मातकट देठे कापून टाकावीत, भाजी मोठ्या पातेल्यात तीन पाण्यांतून धुवावी आणि शेवटच्या पाण्यात मीठ टाकून थोडा वेळ ठेवावी. कच्ची खायची भाजी तर अधिकच जपून. कारखान्यांच्या नाल्याकाठचा पाला, कितीही टवटवीत दिसला तरी, खुडू नये. रानभाजी ओळखणारे जाणते माणूस बरोबर नसेल तर अंदाजाने तोडू नये.

शेवटी एक महत्त्वाचे. भाजी म्हणजे औषध नव्हे. बाईच्या रक्तातले हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले तर रक्त कमी आहे असे समजतात. फार खाली गेले असेल तर नुसत्या मेथीने ते भरून येत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात. संत तुकारामनगरातल्या महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. पोटातले जंत हेही रक्त कमी होण्याचे कारण असते. आणि विदर्भातून आलेल्या कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावे, तिकडे आदिवासी बांधवांबरोबर आपल्या समाजातही सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात अंगात रक्त कमी असते, पण कारण वेगळे असते. म्हणून तपासणी न करता मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी पालेभाजी आणि फळे किती खावीत, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

महिला मंडळांना आमची एक विनंती आहे. वर्षावासात विहारात दर आठवड्याला आपण जमतोच. त्याच दिवसांत रानभाज्याही येतात. एका रविवारी प्रत्येकीने आपल्या गावाकडची एक भाजी करून आणावी. लातूरची, अमरावतीची, माणदेशाची भाजी एका ओळीत मांडावी. वयस्कर आयांनी तिचे नाव आणि कृती सांगावी, शाळकरी मुलींनी ती वहीत लिहून घ्यावी. त्याच दिवशी दवाखान्यातल्या परिचारिकेला बोलावून सगळ्यांचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे आणि आकडा किती वर गेला ते पाहावे.

आणि उद्या सकाळी डबे भरण्याआधी वाट्या मोजाव्यात. घरात माणसे पाच असतील तर वाट्या पाच. जयभीम.